हलकी दोरी

सटवानं पंख्याची दोरी ओढणं थांबवलं आणि कान टवकारले. आता भिंतीपलीकडून मालकांची हाक येणार, "झोपला का बे?" पण हाक आली नाही. त्यानं हाताकडं पाहिलं. दोरी आपली आपण पुढं-मागं सरकत होती.

त्यानं पुन्हा दोरी धरली. हलकी लागली. चार दिवस झाले, त्याला असंच वाटत होतं. आधी वाटलं खांदा सुधारला, पण खांदा तर घरी गेल्यावर ठणकत होताच. म्हणजे भानगड दोरीतच होती.

बीडच्या कापूसबाजारात मोहनरावांची आडत होती. एक त्यांची बैठक आणि मध्ये भिंत घालून शेजारी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची खोली. दोन्हीकडं छताला लाकडी दांड्याचा, झालरीचा एकेक पंखा. त्यांच्या दोऱ्या भिंतीच्या भोकांतून मागच्या पडवीत यायच्या. तिथं अलीकडं बैठकीच्या दोरीशी सटवा बसायचा, पलीकडं तरणा त्रिंबक. मध्ये सरकीच्या पोत्यांची थप्पी, त्यामुळं दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही.

मोहनरावांच्या वडिलांच्या वेळेपासून सटवा ही दोरी ओढत होता. पण आजवर त्यानं बैठकीत पाय टाकला नव्हता. कापसाचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचा, आणि पंखेवाले बाजारात बातमी फोडतात असं मालकांच्या मनानं घेतलं होतं. तेव्हा पंखेवाल्यांना आत मज्जाव. फक्त त्रिंबक सकाळी आडत उघडायच्या आधी आत जायचा, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायला.

सटवाच्या मनात पाल चुकचुकली ती इथंच.

हैदराबादेला जाऊन आल्यापासून मोहनरावांच्या अंगात काटकसर संचारली होती. थंडीत त्यांनी बैठकीतली कोळशाची शेगडी उचलायला लावली आणि व्यापाऱ्यांना घोंगड्या दिल्या. उन्हाळा लागल्यावर वाळ्याचं पाणी तोडलं. पूर्वी पखालवाला दिवसभर खेपा घालायचा, तो आता सकाळचा एकदाच यायचा आणि दुपारी पडदे कोरडे फडफडायचे. आणि परवा तर मालक दिवाणजींना मोठ्यानं म्हणाले होते, "दोन पंख्यानला दोन माणसं कावून लागतेत? फिजूल खर्च हाय ह्यो." भिंतीच्या भोकातून बातमी बाहेर जाते हे त्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं तरी खरं ठरलं. सटवानं ते शब्द न् शब्द ऐकले.

एक माणूस जाणार होता. कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सटवाच्या वयाला आणि त्या खांद्याला दुसरं काम कुणी दिलं नसतं. मग चकलांब्याला लेकीकडं जायचं आणि उरलेलं आयुष्य जावयाच्या ओसरीवर काढायचं.

"त्रिंबक माजी दोरी वढायलाय," रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला.

"दुसऱ्याची दोरी कावून वढंल त्यो?" जानकीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मालकाला दावायला. म्हातारा नसला तरी चालतंय मनून."

"तसं नसंल वो. चांगला माणूस हाय. लेकराबाळाचा हाय."

"तुला लई म्हाईत! हिरीवर काय बोलत हुतीस त्याच्याशी?"

"काय न्हाई. सहज."

ती पुन्हा भाकरी थापू लागली, पण तिनं वर पाहिलं नाही. सटवाला तेवढं पुरलं. ती त्रिंबकला सामील आहे, असा संशय एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं पहिल्यांदाच घेतला.

दुसऱ्या दिवशी तो पडवीत गेलाच नाही. सरळ पुढच्या दारानं आला आणि बैठकीच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला.

"मालक, एक अर्ज हाय. त्रिंबकनं माज्या पंख्याला काय तरी केलंय. दोरी आपसूक चालायलीय."

मोहनराव ताठ झाले. त्यांचा संशय निराळ्याच वाटेनं धावला. "कुणी वर चढून रुमाल बघायलंय का काय? दिवाणजी, बघा वर."

दिवाणजी सुंदरराव धोतर सावरत स्टुलावर चढले. मधल्या भिंतीला छताजवळ झरोका होता. त्यातून एक सुतळी ओवलेली होती, दोन्ही पंख्यांच्या दांड्यांना बांधलेली. खालून झालरीआड ती दिसत नव्हती. एक पंखा हलला की दुसरा त्याच्याबरोबर जायचा.

"बघा!" सटवा म्हणाला. "म्या म्हनलो न्हवतो?"

त्रिंबकला बोलावणं गेलं. तो येऊन उभा राहिला. सुतळीकडं पाहिलं, मग सटवाकडं, आणि मान खाली घातली.

"कावून बांधली बे?" मोहनराव गरजले.

"मालक, तात्याचा खांदा गेलाय. हात वर जात न्हाई त्येंचा. काकूनं हिरीवर सांगितलं, जरा सांभाळून घे. मनून बांधली. तात्याला सांगितलं न्हाई, राग आला असता."

सटवाला वाटलं, आपल्याला कुणी भर बाजारात उघडं केलं. खांद्याची गोष्ट त्यानं सगळ्यांपासून लपवली होती. ती आज मालकांपुढं आली, आणि आणली कुणी, तर त्यानं स्वतःच. बायकोला काय काय बोललो तेही आठवलं.

मोहनराव मात्र रागावले नाहीत. ते वर सुतळीकडं बघत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी दोन्ही पंखे तू एकलाच वढायलास?"

त्रिंबकच्या आत्ता ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. "थोडंच, मालक. तात्या बी वढतेत की..."

"जा. मागं जाऊन वढ. सटवा, आत ये."

सटवा जागचा हलला नाही.

"आरं, ये की. असा पंख्याखाली उभा ऱ्हा. तुज्यावानी जाणकार दुसरा कोण हाय? वारं पुरतंय का, तूच सांग."

सटवानं पायताण बाहेर काढलं आणि उंबरा ओलांडला. पंख्याखाली जाऊन तो उभा राहिला. वर झालर हलू लागली, पण नुसतीच डुलली. वारा असा लागेना. सटवानं ती चाल लगेच ओळखली. त्रिंबक मुद्दाम हात राखून ओढत होता. एका माणसाला दोन पंखे झेपत नाहीत असं ठरावं, म्हणून.

मोहनरावांच्या कपाळाला आठी पडली. "ह्ये काय? का ह्यो बी कामातून गेला? मग दोघानलाबी काढून नवा धट्टाकट्टा बघावा लागंल."

वारं पुरत नाही, एवढंच सटवानं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं तर आता दोघंही जाणार, हे त्याला कळलं. मग भिंतीच्या भोकाकडं तोंड करून त्यानं आवाज दिला.

"त्रिंबक! नीट वढ बे!"

भोकातली दोरी थबकली. मग झालर जोरात मागं गेली आणि वाऱ्याचा झोत आला. सटवाच्या मानेवरचा घाम गार झाला. एवढी वर्षं त्यानं हा वारा दुसऱ्यांना घातला होता. तो असा असतो, हे त्याला आज कळलं.

"पुरतंय का?" मोहनरावांनी विचारलं.

"पुरतंय, मालक."

"बस्स! दिवाणजी, तिकडचा दांडा पक्का बांधून घ्या. सुतळी तुटंल, चांगली दोरी लावा." मग आठवण झाल्यासारखं ते म्हणाले, "सटवा, तू लई दिवस चाकरी केलीस हां."

सटवानं रामराम घातला आणि वळसा घालून तो मागच्या पडवीत आला. त्याची दोरी भिंतीशी लोंबत उगीच हलत होती. तिच्या टोकाला जानकीबाईंनी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दिली होती, तळहात सोलू नये म्हणून. ती त्यानं सोडली आणि पोत्यांच्या थप्पीपलीकडं गेला.

त्रिंबक ओढत होता. डोळे गळत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"तात्या, म्या आसं..."

"गप. थांबू नकोस, आतून हाक यील."

सटवा त्याच्याजवळ टेकला आणि चालत्या दोरीवर चिंधी गुंडाळू लागला. दुखरा हात दोरीबरोबर पुढं जायचा, मागं यायचा.

"घट्ट करतो. आता दोन खोल्यांचं वज्जं हाय, हात सोलतील तुजे."

त्यानं शेवटची गाठ मारली. आत पंखा कुठं अडला नाही.