बर्फावर अडलेलं चर्च

चर्च खाडीच्या अगदी मधोमध अडलं होतं, आणि अडलं होतं ते पाळक एझ्रा पिंसेंट यांच्या हेक्यापायी. बर्फावर उभ्या असलेल्या साठच्या साठ माणसांना हे ठाऊक होतं. मान्य नव्हतं ते फक्त एझ्रांना.

त्या हिवाळ्यात अख्खं गाव बेट सोडून समोरच्या किनाऱ्यावर चाललं होतं. न्यूफाउंडलंडच्या त्या कोपऱ्यात जागा बदलायची म्हणजे घरासकट जायचं. घराखाली दोन जाड ओंडके घालायचे, दोर बांधायचे आणि गोठलेल्या खाडीवरून सगळ्यांनी मिळून ओढत न्यायचं. सतरा घरं अशी पार गेली, एक काच फुटली नाही. सतराही वेळा दोरापुढे उभं राहून गाणं म्हणणारा होता नेबथ कीपिंग, सत्तरी ओलांडलेला कोळी. तो एक ओळ म्हणायचा, बाकीचे "हो हो, ओढा!" म्हणायचे, आणि त्या "ओढा"वर सगळ्यांचा हिसका एकदम बसायचा.

आता गाणं कसलं म्हणाल, तर चावटच. त्यात दारू होती, कुणाची तरी बायको होती, आणि ज्याचं घर ओढायचं त्याची यथेच्छ टिंगल होती. शेवटी चर्चची पाळी आली, तेव्हा एझ्रांनी रविवारच्या उपासनेत बजावलं, "प्रभूचं मंदिर असल्या गाण्यावर जाणार नाही. स्तोत्र गातच जाईल. आणि ज्याच्या तोंडी असली गाणी, त्याला वडीलधाऱ्यांच्या बाकावर जागा नाही."

"शब्द बदलतो की, पाळकसाहेब," नेबथ म्हणाला. "पण ठेका हाच लागेल. स्तोत्राला माणूस डोळे मिटतो, ओढत नाही."

"मला शिकवू नका!"

भर मंडळीसमोर नेबथ त्या बाकावरून उठला आणि टोपी उचलून निघून गेला.

आज सकाळपासून तीन स्तोत्रं झाली. मंडळी गायली सुंदर, त्यात काही बोलायलाच नको. पण स्तोत्राचे सूर लांबलचक. कुणी सुराच्या आरंभी ओढी, कुणी शेवटी. चर्च रखडत रखडत निम्म्या वाटेवर आलं आणि बसलं. ओंडके बर्फाला चिकटले. दुपारी वारा फिरला, दक्षिणेचा ऊबदार वारा सुटला, आणि बर्फावर घोट्याएवढं पाणी साचलं. संध्याकाळच्या आत चर्च पार गेलं नाही, तर खाडीच्या तळाशी जाणार होतं.

"नेबथकाकांना बोलवा हो, पाळकसाहेब," ड्रुसिला पार्डी म्हणाली. तिच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. "माझ्या आजोबांनी बांधलंय हे. तुमच्यापायी बुडायला नाही बांधलं!"

"प्रभूचं मंदिर प्रभू हलवील," एझ्रा म्हणाले. "पुढचं स्तोत्र घ्या."

ड्रुसिलानं दोर खाली टाकला, आणि मागोमाग बाकीच्यांनीही.

एझ्रा तरातरा चर्चमध्ये शिरले, दार लावलं आणि गुडघ्यांवर बसले. खाली बर्फ करकरत होता. त्यांनी डोळे मिटले आणि अगदी पोटातून प्रार्थना आली: प्रभू, हे मंदिर त्या म्हाताऱ्याशिवाय हलू दे.

ते दचकले. तेच शब्द त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिले. मंदिर वाचू दे, असं त्यांनी मागितलंच नव्हतं. नेबथ खोटा पडू दे, एवढंच मागितलं होतं. त्यापायी ड्रुसिलाचे हात सोलले तरी चालणार होतं, चर्च बुडालं तरीसुद्धा एक वेळ चाललं असतं! वीस वर्षं प्रभूचं नाव घेऊन आपण किती वेळा स्वतःचीच पूजा केली असेल? त्यांना दरदरून घाम फुटला. खालच्या पाण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

बाहेर पायरीवर त्यांची बायको सेलीना उभी होती.

"कुठे निघालात?"

"नेबथकडे."

"मग असे चालताय काय? पळा!"

आणि पाळकसाहेब काळ्या कोटात, पाणी उडवत, वाटेत दोनदा आपटत पलीकडच्या किनाऱ्याकडे पळाले.

नेबथ घरात खारवलेला कॉड मासा आणि बटाटे खात बसला होता. एझ्रांना धाप लागली होती. "चुकलो, नेबथकाका. माफ करा."

नेबथनं घास सावकाश गिळला. "माफी एकट्याजवळ मागताय. हाकललंत मात्र सगळ्यांसमोर."

एझ्रांचे कान तापले. एवढं वाकलो, तेही पुरे नाही का? पण आतला हा आवाज आता त्यांच्या ओळखीचा झाला होता. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चला."

बर्फावर परत आल्यावर ते सगळ्यांसमोर त्या गार पाण्यातच गुडघे टेकून बसले. "प्रभूची बाजू घेतोय असं सांगत मी स्वतःचीच बाजू घेत होतो. या भल्या माणसाचा अपमान केला, तुमचे हात सोलवटले, तुमचं चर्च बुडवायला निघालो. मला क्षमा करा."

ड्रुसिलानं बाहीला नाक पुसलं. "केली. उठा आता, गारठाल."

"उठा आणि दोर धरा, सगळ्यात पुढे," नेबथ म्हणाला. "आणि ऐका, ज्याचं घर त्याची टिंगल होणार."

"घर तर प्रभूचं आहे."

"प्रभूला मी पामर काय बोलणार? तुम्ही आहात की!"

सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी हसलं. बायकापुरुषांनी कुऱ्हाडी घेऊन ओंडक्यांभोवतीचा बर्फ फोडला, दोर ताणले, आणि नेबथनं गळा साफ केला.

"काळ्या कोटातला बाबा बघा!"

"हो हो, ओढा!"

"नाक त्याचं मनोऱ्याला भिडलं!"

"हो हो, ओढा!"

ओंडके कडाडून सुटले. चर्च हललं! वरची घंटा आपोआप वाजली.

"गुडघ्यांनी त्याचं पाणी मोजलं!"

"हो हो, ओढा!" एझ्रा सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. हसता हसता त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मागे बर्फाला लांब चीर गेली, पोरीबाळी किंचाळल्या, पण ठेका काही तुटला नाही. दर ओळीला चर्च हातभर पुढे येत राहिलं. किनाऱ्याचे गोटे ओंडक्यांखाली खडखडले, तेव्हा अशी आरोळी उठली की कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

तरी एझ्रा ओढतच होते, एकटेच.

"पाळकसाहेब," नेबथ ओरडला, "पुरे झालं! सोडा आता!"

आणि एझ्रा पिंसेंट यांनी, जन्मात पहिल्यांदाच, एका शब्दासरशी सोडलं.