मागे पुष्कळ जागा आहे

मी एक जुना बाक आहे. ओक लाकडाचा, आखूड, जेमतेम चार माणसांचा.

मित्रांनो, जन्मापासून ओळीने सांगायची रीत मला ठाऊक आहे. पण लाकडाला काल आणि आज वेगळे ठेवता येत नाहीत. जे घडलं ते सगळं माझ्या अंगावर एकाच वेळी आहे. तेव्हा तुम्ही हात फिरवा. हात जिथे थांबेल, तिथलं मी सांगतो.

पाठीवर, मधोमध: पितळेची पट्टी

हिच्यावर कोरलं आहे, ‘प्रुइट कुटुंबाकडून’. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात चर्च बांधलं, तेव्हा लाकूड प्रुइटांच्या वखारीतून आलं. एकोणीस लांब बाक झाल्यावर जे उरलं, त्यातून सुताराने मला केलं. विसावा. मला डाव्या भिंतीशी, तिसऱ्या ओळीत बसवलं.

कुणी कुठे बसायचं, असा नियम आमच्या चर्चमध्ये कधीच नव्हता. गरजही नव्हती. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती, आणि दुसऱ्याचीही. माणूस वारला तरी त्याच्या जागेवर वर्षभर कुणी बसत नसे.

डावं टोक: दोन खोलगट जागा

एक लव्हिनिया प्रुइटबाईंची. तिच्या शेजारची त्यांच्या नवऱ्याची, हॅरॉल्डची. बावन्न वर्षं दोघं इथे बसली. गीत गाताना हॅरॉल्ड पायाने ठेका धरायचा, आणि तो नेहमी चुकायचा. प्रुइटबाई कोपराने ढोसायच्या. तो थांबायचा आणि पुढच्या कडव्याला पुन्हा सुरू करायचा. मला त्या ठेक्याची सवय झाली होती.

मग एका रविवारी प्रुइटबाई एकट्याच आल्या. बसताना त्यांनी शेजारची जागा सोडली आणि तिथे गीतपुस्तक उघडून ठेवलं.

उजवं टोक: काहीच नाही

इथे हात फिरवा. गुळगुळीत. ओरखडा नाही, डाग नाही. तरी मला ही जागा सगळ्यांत जास्त आठवते.

हॅरॉल्डला जाऊन सहा आठवडे झाले होते. एक तरुण बाई मुलीला कडेवर घेऊन आली. अंगात कोंबडीच्या मांसाच्या कारखान्याचा निळा कोट, रात्रपाळी करून थेट आलेली. ती माझ्या उजव्या टोकावर बसली, अगदी कडेला. मुलगी पाय हलवत होती.

प्रुइटबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, “ही आमची जागा आहे हं. मागे पुष्कळ जागा आहे, बाई.”

ती उठली. मागे गेली. दुसरं गीत सुरू होण्याआधी दार वाजल्याचं मी ऐकलं.

मित्रांनो, प्रुइटबाई वाईट नव्हत्या. मी बावन्न वर्षं त्यांच्या पाठीला टेकू दिला आहे, मला ठाऊक आहे. पण ती बाई पुन्हा आली नाही, हेही मला ठाऊक आहे.

पायांत: आठ भोकं

इथे मला जमिनीशी जखडणारे स्क्रू होते.

पुढे माणसं कमी होत गेली. वीस बाक आणि अठरा माणसं. यंदाच्या हिवाळ्यात प्रुइटबाई बर्फावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या महिनोन्‌महिने इस्पितळात राहिल्या. माझ्यावर धूळ बसली.

त्याच सुमारास आमच्या पाळकबाई डेनीस यांचं घरचं वॉशिंग मशीन बिघडलं. त्या कपडे घेऊन चर्चसमोरच्या लाँड्रीत गेल्या, नाणी टाकून मशीन चालवायचं असतं तिथे. रविवारी त्या वेदीपुढे उभ्या राहिल्या आणि प्रवचनाचा कागद घडी करून खिशात घातला.

“काल समोर तीस माणसं होती,” त्या म्हणाल्या. “सगळी तासभर उभी. खुर्च्या दोन, त्यातली एक मोडकी. आणि आपण इथे वाट बघतोय की लोक कधी येतील. लोक आलेले आहेत हो! रस्ता आपण ओलांडायचाय.”

कुणीतरी विचारलं, “म्हणजे तिथे जाऊन प्रवचन द्यायचं?”

“नाही. बसायला द्यायचं.”

लाँड्रीच्या अरुंद दारातून एकच बाक आत जाण्याजोगा होता. मी. स्क्रू निघाले. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मेणबत्त्यांचा वास सोडून मी साबणाच्या वासात आलो. लाँड्रीचा मालक ऑर्विल कमरेवर हात ठेवून बघत होता.

“चर्चचा बाक? म्हणजे आता इथे शिव्या द्यायच्या नाहीत की काय?”

“द्या की,” पाळकबाई म्हणाल्या. “फक्त बुटांसकट पाय वर घेऊ नका.”

बैठकीवर: साबणाचा पांढरा गोल, चिकट सरबत, पेनाने काढलेलं मांजर

ही सगळी एका वसंतातली कमाई. दर शनिवारी सकाळी पाळकबाई आपले कपडे घेऊन येत. उपदेश काही नाही. माणसं माझ्यावर बसत आणि त्यांच्याशी बोलत. कुणाची आई आजारी, कुणाचा मुलगा तुरुंगात, कुणाचं नुसतंच पाऊस आणि पाठदुखी.

एका शनिवारी निळा कोट आला. तीच बाई. तिचं नाव रोशेल, मुलीचं जोसी, हे मला त्या दिवशी कळलं. तिने पितळेची पट्टी वाचली आणि ती उभीच राहिली. महिनाभर दर शनिवारी उभीच राहिली. शेवटी जोसीच माझ्यावर आडवी झाली, तेव्हा ती टेकली. उजव्या टोकावर, कडेला.

“तुम्ही आता देवाचं बोलणार का?” तिने पाळकबाईंना विचारलं.

“आधी हा पायमोजा बघा. जोडीदार सापडत नाहीये त्याचा.”

रोशेल हसली आणि शोधू लागली.

डावं टोक, पुन्हा: काठीची खूण

मे महिन्यात काठी टेकत प्रुइटबाई लाँड्रीत आल्या. आल्या आल्या काठी माझ्यावर आपटली. ही बघा खूण.

“पाळकबाई, चाळीस वस्तू होत्या द्यायला. हाच बरा दिसला? हॅरॉल्ड इथे बसायचा! आता मला सांगा, मी कुठे बसू त्याच्याशेजारी?”

पाळकबाईंचा चेहरा उतरला. “चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमचा आहे, घेऊन जा. पुढच्या शनिवारी ट्रक घेऊन या.” मग जरा थांबून म्हणाल्या, “फक्त त्यावर कोणी बसलेलं असेल, तर त्याला तुम्हीच उठवा. माझ्याच्याने ते होणार नाही.”

मी तो आठवडा मोजत काढला. मला घरी जायचं होतं. मग जोसीने माझ्यावर काढलेलं मांजर आठवायचं आणि माझं मलाच कळेना.

शनिवार उजाडला. प्रुइटबाईंचा भाचा ड्वेन ट्रक काचेसमोर उभा करून दोऱ्या सोडवू लागला. प्रुइटबाई आत आल्या. माझ्यावर जोसी झोपली होती, तिचं डोकं नेमकं हॅरॉल्डच्या जागेवर. शेजारी रोशेल.

रोशेलने वर पाहिलं आणि लगेच उठली. “ऊठ गं जोसी. या बाईंचा बाक आहे.”

“तुला कसं ठाऊक?” प्रुइटबाईंनी विचारलं.

“तुम्हीच सांगितलं होतंत. दोन वर्षांपूर्वी. मागे पुष्कळ जागा आहे म्हणालात.” तिने मुलीचे बूट उचलले. “खोटं नव्हतं ते. होती जागा. पार दाराबाहेरपर्यंत.”

तेवढ्यात सुकवायच्या मशीनची घंटा वाजली. रोशेलने बाहेर काढली ती एक भली मोठी पांढरी चादर. एका हातात झोपाळलेली जोसी, दुसऱ्या हातात चादर. निम्मी चादर फरशीवर.

“अगं, लोळतेय ती खाली!” प्रुइटबाई ओरडल्या. “मुलीला ठेव इथे. आण, कोपरे दे.”

काठी माझ्या अंगाला टेकवून त्यांनी दोन कोपरे धरले. दोघी मागे सरकल्या, चादर ताणली. मग एकमेकींकडे चालत आल्या. बोटांना बोटं लागली. पुन्हा लांब. पुन्हा जवळ. चादर लहान होत गेली, तसं अंतरही.

तिसऱ्या घडीला प्रुइटबाई थांबल्या.

“हॅरॉल्ड आणि मी रविवारी दुपारी हेच करायचो,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यापासून मी चादर गोळा करून कपाटात कोंबते. एकटीला नाही जमत.”

“मला कुठे माहीत होतं,” रोशेल हळू आवाजात म्हणाली.

“मी सांगितलंच कुठे? तू आलीस तेव्हा त्याला जाऊन सहा आठवडे झाले होते. ही सबब नाही हं. तुला उठवायला नको होतं मी.”

रोशेलने चौथी घडी घातली आणि चादरीचा गठ्ठा छातीशी धरला. “अजून दोन चादरी आहेत मशीनमध्ये,” ती म्हणाली.

“मग उभी काय राहिलीस?”

ड्वेन दार उघडून म्हणाला, “मावशी, दोऱ्या तयार आहेत. उचलू का बाक?”

“जोसी झोपलीय त्यावर, डोळे फुटले का तुझे? त्या टोपल्या उचल. हिला घरी सोडायचंय.”

काचेतून मला दिसलं, मला न्यायला आलेल्या ट्रकमधून कपडे गेले.

उजवं टोक, पुन्हा

आता इथे हात फिरवा. किंचित खोलगट लागतं ना? इथे रोशेल बसते.

पुढच्या शनिवारी प्रुइटबाई टॉवेलांची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या घरी स्वतःचं मशीन आहे, हे ऑर्विललाही ठाऊक आहे. पिशवी त्यांनी माझ्यावर ठेवली, आणि टॉवेल आधीच धुतलेले होते. मी कुणाला बोललो नाही.

चर्चमध्ये आता सतराच बाक उरले आहेत. दोन माझ्यामागून गेले, एक बस थांब्यावर, एक दवाखान्याच्या ओट्यावर. आणि रविवारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त असतात, असं पाळकबाई सांगतात. रोशेल कधी जाते, कधी रात्रपाळीनंतर झोपून राहते. मग प्रुइटबाई सोमवारी तिच्या दारात जाऊन ‘काय गं, बरी आहेस ना?’ असं विचारून येतात.

मित्रांनो, माझ्यासारखे बाक तुमच्याही शाळेत, देवळात, चर्चमध्ये असतील. त्यांना तेल-पाणी करा, त्यांच्यावर नावं कोरू नका. आणि बसाल तेव्हा जरा सरका. कडेला कुणी अवघडून बसलं असेल, तर त्याला मागची जागा दाखवू नका. त्याच्या हातातल्या चादरीचे दोन कोपरे धरा.

एवढंच. जोसी आली, मी आता गप्प बसतो. तिला मांजराची शेपटी पुरी करायची आहे.