पांदणीनं अजिंठा

अजिंठ्याला जायचा बेत पोराचा, गाडी पोराची, सुट्टीही पोराचीच. पण अकोल्याच्या त्या सरकारी क्वार्टरांत गाजावाजा चालला होता तो बापाचा. नळावर आलेल्या बाया असोत की दाढी करणारा न्हावी, डोमाजी कुणालाही धरून सांगे, "आमी फटफटीनं चाललो अजिंठ्याले. बुद्धाची लेणी पाहाले. अन् वाट मी सांगनार हाव." शेवटचं वाक्य म्हणण्याआधी तो जरा थांबायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

बढाई होती, पण खोटी नव्हती. पिंपळडोह गावाचा तो जुना वेसकर. सरकारी थैली डोक्यावर घेऊन बाळापूर, खामगाव, पार बुलढाण्यापर्यंत पायी गेलेला. साहेबांच्या घोड्यापुढं वाटाड्या म्हणून धावलेला. नागपूरला दीक्षा घेतली आणि गावात परतताच ते काम, ती घुंगराची काठी, सगळं त्यानं टाकून दिलं. वाटा मात्र डोक्यात राहिल्या. पोरगा देवमन शिकून बांधकाम खात्यात ओव्हरसिअर झाला, जुनी का होईना बुलेट घेतली, आणि तिच्या मागच्या सीटवर आता बाप बसणार होता. छाती फुगायला माणसाला आणखी काय लागतं?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. देवमननं संध्याकाळी नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर गाडीचे पाने ठेवले. त्याची आई मनकर्णा जवळच ठेच्यासाठी लसूण सोलत बसली होती.

"पहाटे निघायचं," देवमन सांगू लागला. "बाळापूरच्या किल्ल्यापाशी चहा. खामगावात पेट्रोल. मग बोथ्याचं जंगल. घाटात गाडी उभी करून दरी पाहू, तिथंच भाकर खाऊ. मुक्काम बुलढाण्यात, अन् दुसऱ्या दिवशी अजिंठा."

"बराबर हाय," डोमाजी म्हणाला. खरं तर पोराचं बरोबर आहे म्हणताना त्याच्या जिवावर आलं होतं. मग त्यानं नकाशावर बोट टेकवलं. "फक्त पिंपळडोह आलं का डाव्या हातानं पांदणीत उतर. गावाच्या मागून जाऊ. पुढच्या गावालेही असंच. नाला धरून बाहेरून निघायचं."

"काहून? सडक तं गावातून जाते."

"पांदण जवळ पडते."

"बाबा, पांदण म्हणजे बैलगाडीची वाट. काळी जमीन, पाऊस आत्ता गेला. अन् जवळ कुठं? चांगला कोसभर फेरा हाय."

"तू मले वाट शिकवून राहिला?" डोमाजीचा आवाज चढला. "तुह्या त्या कागदाआधी म्या हे पायानं पाह्यलं हाय!"

मनकर्णानं मान वर केली नाही. लसणाची पाकळी सोलता सोलता म्हणाली, "मी तं माहेरी येष्टीनं जातो बाप्पा. येष्टी पिंपळडोहच्या मधातूनच जाते. मी खिडकीपाशी बसतो."

"येष्टीले काय हाय!" डोमाजी उसळला. "तिच्या पायात चप्पल हाय काय?"

देवमनला त्यातलं काही कळलं नाही. मनकर्णाला न सांगताही सगळं कळत होतं, आणि ती पुढची पाकळी सोलू लागली.

त्याचं असं होतं. पिंपळडोहची मोठी गल्ली पाटलाच्या बैठकीपुढून जायची. डोमाजीच्या लोकांनी वेशीपाशी चपला काढायच्या, हातात घ्यायच्या आणि गल्ली संपेपर्यंत खाली पाहत चालायचं, हा रिवाज. डोमाजीनं आपल्या बापाला तसं जाताना शंभरदा पाहिलं होतं. पुढं मजुरीच्या पैशातून त्याला पहिली चप्पल मिळाली. करकर वाजणारी, तेल पाजलेली. त्या दिवशी बापलेक वेशीपर्यंत बरोबर आले. बाप खाली वाकला, चपला उचलल्या. डोमाजी वाकला नाही. तो तिथूनच वळला आणि काट्याकुट्यांतून गावाला वळसा घालून पलीकडं निघाला. त्यानंतर त्या गल्लीत त्यानं पाऊल टाकलं नाही. चावडी वेशीला लागून, तेवढ्यापुरतं जायचं आणि मागं फिरायचं. दुसऱ्या गावांतही तोच रिवाज, म्हणून तिथंही त्याचा रस्ता बाहेरूनच. डोक्यावर ओझं असो, ऊन असो, कोसभर जास्त चालेल पण चप्पल पायातच राहील. लोक म्हणायचे, डोमाजीला आडवाटांचा नाद आहे. तोही म्हणू द्यायचा.

एवढं मोठं लढून त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. आणि काळ बदलला, पाटील गेला, रिवाज गेला, तरी पाय मात्र पांदणीकडंच वळायचे. आता त्या पायांखाली फटफटी येणार होती, तर तिलाही तो तिकडंच वळवायला निघाला होता!

शेवटी देवमननं तोडगा काढला. "रविवारी जाऊन पाहू. गाडी पांदणीतून निघाली तं तुमची वाट, नाही तं माही."

रविवारी बापलेक निघाले. डोमाजीनं धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला पांढरा रुमाल बांधला. बाळापूर मागं पडलं, दोन्हीकडं कपाशी फुटलेली, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येईना. तरी डोमाजी बोलतच होता. पिंपळडोहची वेस दिसायला लागली तसं त्यानं पोराचा डावा खांदा दाबला. गाडी पांदणीत उतरली.

हस्ताचा पाऊस झालेला. शेतभर अंतरही गेले नसतील, तोच काळी माती चाकाला लपेटली, मडगार्डात गच्च बसली आणि चाक फिरायचंच थांबलं. देवमननं काडीनं माती उकरली, डोमाजीनं मागून रेटलं. धोतराची दशा झाली. गाडी काही हलेना.

शेजारच्या शेतातून पुंजाराम बैलजोडी घेऊन आला. पुंजाराम त्या जुन्या पाटलाचा मुलगा, डोमाजीच्याच वयाचा. काही न विचारता त्यानं दोर बांधला, बैल हाणले, आणि गाडी ओढून दगडगोट्यांच्या टणक जागेवर काढली. मग कपाळ पुसत म्हणाला, "अरे डोमाजी, गावातून खडीची सडक झाली न आता. येष्टी जाते, सरकीचा ट्रक जाते. तू काहून पांदणीत रुतून राह्यला?"

'जवळ पडते' हे उत्तर डोमाजीच्या जिभेवर तयारच होतं. सगळा जन्म त्यानं तेच दिलं होतं. पण समोर पोरगा कोपरापर्यंत चिखलात माखून उभा होता, आणि त्याच्यादेखत हे खोटं पुन्हा बोलणं डोमाजीच्या जिवाला खाऊ लागलं.

"तुह्या बापाच्या बैठकीपुढून जायचं तं चप्पल हातात घ्या लागे, पुंजाराम," तो म्हणाला. "मले घ्याची नव्हती. म्हनून मी इकून जातो."

पुंजाराम दोर गुंडाळत राहिला. गाठ मारून म्हणाला, "मले वाटे, तुले हे वाट आवडते."

"आवडत नाई," डोमाजी म्हणाला. "काटे लय हाय."

देवमन बापाकडं पाहत होता. आजवर त्याला बाप हेकट वाटायचा, आणि तो हेकट होताच. "बाबा, तुमी एक डावही हातात घेतली नाही?"

"एक डावही नाई," डोमाजी ताठ होऊन म्हणाला. हे कुणाला तरी सांगायला मिळालं, याचाच त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यानं ते पुसलेही नाहीत. "चाल. गावातून घे."

गाडी मागं फिरून वेशीत शिरली. देवमनला राग आला होता. त्यानं गाडी जोरात सोडली. डोमाजीनं लगेच पाठीवर थाप मारली. "पळवतं काहून? आपन चोरी केली काय? हळू घे."

हळूहळू गल्ली पुढं आली. डोमाजी दोन्ही बाजूंना पाहत होता. कुणाचं घर कोणतं, त्याला ओळखू येईना. जिल्हाभराच्या वाटा सांगणारा माणूस आपल्याच गावात पाहुण्यासारखा "हे कोनाचं रे?" म्हणून पोराला विचारत होता. एका दारातून बाई म्हणाली, "डोमाजीबुवा दिसून राह्यले!" कुत्रं भुंकलं. पाटलाची बैठक आली. तिच्यात छतापर्यंत कापूस भरला होता आणि पायरीवर एक शेळी बसली होती. डोमाजीनं बैठकीकडं मान वर करून पाहिलं, पुरतं पाहून घेतलं.

गल्ली संपली. पुढं खामगावची सडक मोकळी पडली होती. डोमाजीनं पोराचा खांदा दाबला. "थांब. फिरव गाडी."

"काहून? काय राह्यलं?"

"हा फेरा माहा झाला," डोमाजी म्हणाला. "आता माह्या बापाचा."

देवमननं गाडी वळवली आणि मघापेक्षाही हळू गावात घेतली.