पूर्वाचे रस्ते

दीपाली आणि पूर्वा एकाच सायकलवर सायकल शिकल्या. सायकल दीपालीच्या वडिलांची, भीमरावांची. भीमराव आणि पूर्वाचे वडील दोघेही वर्ध्याकडून पोटापाण्यासाठी पुण्यात आलेले, एकाच कारखान्यात फिटर, आणि धायरीत त्यांची घरं समोरासमोर. रविवारी कारखाना बंद, म्हणून सायकल मोकळी असायची. सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत, तेव्हा दांड्याखालून पाय घालून दोघी हाफ पेडल मारायच्या. एक चालवायची आणि दुसरी मागून कॅरियर धरून पळायची.

शिकायला दोघींना सारखाच वेळ लागला. फरक पुढे पडला. इंजिनिअरिंगला असताना दोघी शर्यतीत उतरल्या आणि सलग तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पूर्वा पहिली आली, दीपाली दुसरी. कधी हातभर अंतराने, कधी चाकभर. बक्षीस समारंभानंतर लोक कौतुकाने म्हणायचे, "काय जोडी आहे!" दीपाली हसायची. घरी येऊन मात्र ती कप कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवायची, कपड्यांच्या मागे.

दोन हजार साली दोघी एकाच आयटी कंपनीत लागल्या. सायकली सुटल्या, स्कूटी आल्या. सहा वर्षांनी कंपनीला फ्रान्समधल्या तुलूझ शहरातलं एक काम मिळालं. तिथे बसायला एक माणूस हवा होता आणि नावं दोन होती. पूर्वा गेली. दीपालीला पुण्यातल्या टीमची लीड केलं.

"लीड म्हणजे मोठंच की गं," भीमराव म्हणाले.

"हो बाबा," दीपाली म्हणाली.

पूर्वाच्या मेल यायला लागल्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, आणि खाली दोन-तीन फोटो. तिने शहराबाहेर पश्चिमेला, एका खेड्यात ओदील नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या घरात खोली घेतली होती. ओदील एकसष्ट वर्षांची होती आणि रोज सायकल चालवायची. तिच्या ओळखीने पूर्वाला एक जुनी शर्यतीची सायकल मिळाली. "दीपा, तुला सांगून खरं वाटणार नाही," पूर्वा लिहायची. "रस्ता उताराला लागतो, खाली ओढा, ओढ्यावर दगडी पूल, की पुन्हा चढ. चढावर पोचलं की पुढे अजून तस्साच उतार. तासात चार गाड्या दिसल्या तर खूप. मागून गाडी आली तर हॉर्न नाही, काही नाही. आपला चढ संपेपर्यंत बिचारी मागेच राहते."

दीपाली या मेल ऑफिसात वाचायची. मग संध्याकाळी सिंहगड रोडवर स्कूटीचा एक पाय जमिनीवर ठेवून, पुढच्या टेम्पोचा धूर खात, सिग्नल तीनदा हिरवा होऊन लाल झालेला बघायची. तेव्हा तो दगडी पूल तिच्या पोटात कुठेतरी रुतायचा. ती पूर्वाला उत्तर लिहायची, "वा, मजा आहे तुझी!" उद्गारचिन्ह आठवणीने टाकायची.

मे महिन्यात एका मंगळवारी पूर्वाची लांबलचक मेल आली. गुरुवारी ती आणि ओदील पहाटेपासून नव्वद किलोमीटर जाणार होत्या. वाटेतल्या गावांची नावं होती, कुठे ब्रेड घ्यायचा, कुठल्या चर्चपाशी थांबायचं, सगळं होतं. दीपालीने पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला, आणि तिसऱ्याला तिचं डोकं तापलं. तिने मेल बंद केली. नाही वाचायचं मला, असं ती मनात म्हणालीसुद्धा.

गुरुवारी दुपारी घोटाळा झाला. एक महत्त्वाची दुरुस्ती त्या दिवशी तुलूझच्या सर्व्हरवर चढवायची होती, आणि ती पूर्वाखेरीज कोणाला चढवता येत नव्हती. पूर्वाचा फोन लागेना. तिथल्या ऑफिसात कोणी उचलेना. मॅनेजर श्रीनिवास महिन्याभरापूर्वीच आलेले. ते फेऱ्या घालायला लागले. दीपालीला एकदम आठवलं आणि तिने मंगळवारची मेल उघडून शेवटपर्यंत वाचली. तळाशी तीन ओळी होत्या.

"महत्त्वाचं: गुरुवारी इथे सणाची सुट्टी आहे, ऑफिस बंद. दुरुस्ती मला बुधवारीच पाठव, मी चढवून ठेवते. श्रीनिवास सरांना प्लीज सांग, मला त्यांचा मेल आयडी अजून मिळाला नाहीये."

दीपालीने त्या ओळी पुन्हा वाचल्या. तेवढ्यात श्रीनिवास मागे येऊन उभे राहिले. तिने खिडकी बंद केली.

"काही पत्ता?"

"फोन लागत नाहीये, सर."

तेवढं तर खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी पूर्वाचे फोटो आले. शेतांत लाल फुलं, बांधाला टेकवलेल्या दोन सायकली, आणि हेल्मेट काढून हसणारी पूर्वा. कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली तारीख. दीपाली ते बघत असतानाच श्रीनिवास चहाचा कप घेऊन जाता जाता थांबले आणि वाकून बघायला लागले.

"हे कालचं?"

"हो."

"अच्छा. म्हणजे आपण इथे निस्तरत होतो आणि मॅडम सहलीला." त्यांनी घोट घेतला. "सुट्टी सांगितली होती तिने?"

उत्तर द्यायला दीपालीला फार तर दोन सेकंद मिळाले असतील. पण पुढे कितीही वेळा आठवलं तरी ते तिला पुष्कळ मोठे वाटायचे. त्यांत खरं बोलायला भरपूर जागा होती.

"मला काही बोलली नव्हती," ती म्हणाली.

श्रीनिवासांनी पूर्वाला काही विचारलं नाही. रागावले नाहीत, मेल केली नाही. त्यांची पद्धतच नव्हती ती. जून अखेर पूर्वाला कळवण्यात आलं की रोटेशनच्या धोरणानुसार तिने परत यावं, आणि उरलेल्या कामासाठी दीपाली जाईल.

पूर्वा परत आली त्याच रविवारी दीपाली तिच्याकडे गेली. पूर्वाची आई कांताबाई दोघींना पोहे देऊन आत गेल्या. पूर्वा दमलेली दिसत होती. "का बोलावलं काही कळलंच नाही गं," ती म्हणाली. "काम तर चांगलं चाललं होतं. तुला काही कानावर आलं?"

"आपल्या कंपनीचं काय," दीपाली पोह्यातले दाणे बाजूला करत म्हणाली. "वाऱ्यावरची वरात."

पूर्वाने मग एक कागद आणला. तिने हाताने नकाशा काढला होता. चढ कुठे, प्यायच्या पाण्याचा नळ कुठे, कुठल्या वाडीत कुत्रं सुटतं, सगळं. "सायकल ओदीलच्या शेडमध्ये आहे. सीटची उंची तशीच ठेव, आपली सारखीच आहे," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खरं सांगू का? दुसरं कोणी गेलं असतं ना, तर मी नकाशा दिला नसता."

तुलूझला पोचल्यावर पहिल्याच शनिवारी दीपाली ओदीलबरोबर निघाली. सहा वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या चढाला छाती फुटायची वेळ आली. पण वर पोचली आणि समोर सगळं उघडलं. सूर्यफुलांची शेतं एका टेकडीवरून उतरून दुसरीवर चढत गेली होती आणि मधून रस्ता, चिंचोळा, रिकामा. ती उतरायला लागली. वारा कानांत भरला. चाकांखेरीज कशाचा आवाज नव्हता. खाली खरंच ओढा होता, त्यावर दगडी पूल होता. पुढच्या चढावर मागून एक गाडी आली आणि हळूहळू मागेच राहिली. दीपालीला मोठ्याने हसू फुटलं. पूर्वाने लिहिलं होतं त्याहून ते सगळं जास्त सुंदर होतं, आणि दीपालीला ते मनापासून आवडलं. नंतर तिला सगळ्यांत जास्त याचंच वाईट वाटलं.

दुपारी एका गावात त्या थांबल्या. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. नळाचं पाणी बाटलीत भरत ओदीलने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "पूर्वाचं काम वाईट होतं का?"

"नाही. चांगलं होतं."

"मग का बोलावलं तिला?"

"कंपनी," दीपाली म्हणाली आणि खांदे उडवले.

ओदीलने मान हलवली. "जायच्या आदल्या दिवशी तिने सायकल धुतली, साखळीला तेल दिलं. म्हणाली, माझी मैत्रीण येतेय. मग शेडमध्ये बसून रडली." तिने बाटलीचं झाकण लावलं. "चला. अजून तीन चढ आहेत."

त्या तीन चढांवर दीपाली मुद्दाम ओदीलच्या मागेच राहिली.

तरी तिने फोटो पाठवले. सुरुवातीला तर हौसेने पाठवले, दाखवण्याचा आनंद अगदी सोडवत नव्हता. पूर्वाची लांब उत्तरं यायची: तो वळणावरचा अक्रोड बघितलास का, ते कुत्रं भेटलं का. मग उत्तरं आखूड झाली. ऑक्टोबरात एकदा नुसतं आलं, "वा, मजा आहे तुझी!" ते उद्गारचिन्ह दीपालीने ओळखलं. त्यानंतर तिने फोटो पाठवले नाहीत.

जानेवारीत काम संपवून ती परत आली. पहिल्याच दिवशी श्रीनिवासांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते प्रोजेक्ट बंद झालं," ते म्हणाले. "आता काय उकरून काढायचंय त्यात?"

"पूर्वाची चूक नव्हती, सर."

"बरं. कळलं." त्यांनी स्क्रीनकडे मान वळवली.

संध्याकाळी ती पूर्वाकडे गेली. कांताबाई विहारात गेल्या होत्या. पूर्वाने चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत दीपालीने मेलपासून श्रीनिवासांपर्यंत सगळं सांगून टाकलं. पूर्वा गॅसकडे तोंड करून उभी होती. चहा उतू जाऊन ज्योत विझली तेव्हा तिने बटण बंद केलं.

"मेल अर्धवट का सोडलीस?"

"वाचवेना. जळत होते."

"माझ्यावर? कधीपासून?"

दीपालीने विचार केला. "नीट आठवत नाही. सायकल शिकलो तेव्हापासून असेल."

पूर्वा वळली. तिचे डोळे कोरडे होते. "मीपण जळले," ती म्हणाली. "सहा महिने. तुझे फोटो यायचे ना, ते मी उघडायचेच नाही. उघडले तर त्या दिवशी जेवण जायचं नाही. पण मी कोणाजवळ तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलले नाही, दीपा. तेवढं जमतं माणसाला."

दीपालीने सांडलेला चहा पुसायला फडकं उचललं, ते पूर्वाने तिच्या हातातून काढून घेतलं.

"आता घरी जा," पूर्वा म्हणाली. "आणि आईला यातलं काही सांगू नकोस. तिचा फार जीव आहे तुझ्यावर."

महिन्याभरात पूर्वाने हिंजवडीतली दुसरी कंपनी धरली. घरं समोरासमोर, पण दोघींच्या वेळा वेगळ्या झाल्या, किंवा पूर्वाने त्या वेगळ्या करून घेतल्या. कांताबाई दीपालीच्या आईला दोन-चारदा म्हणाल्या, "पोरींचं काय बिनसलं कोणास ठाऊक." तिसऱ्या वर्षी पूर्वाचं लग्न झालं. पत्रिका भीमरावांच्या नावे आली. दीपाली गेली, मागच्या ओळीत बसली, आणि जेवण्याआधी निघाली.

त्या सुमारास दीपालीने एक सायकल घेतली होती. रविवारी सकाळी ती खडकवासल्यावरून पानशेतच्या रस्त्याला लागायची. दोन हजार दहाच्या डिसेंबरात अशाच एका रविवारी, अवघड चढावर ती धापा टाकत असताना, मागून कोणीतरी आलं. साखळीचा नुसता बारीक आवाज. ते माणूस बाजूने पुढे गेलं तेव्हा दीपालीने पाठ ओळखली. वर्षानुवर्षं तिने ती पाठ मागूनच तर बघितली होती.

"गिअर जड आहे तुझा," पूर्वा न वळता म्हणाली. "हलका कर."

आणि ती पुढे निघून गेली.

दीपालीने गिअर हलका केला. छातीत जुनी कळ उठली, जशीच्या तशी. तिने ती उठू दिली आणि पाय मारत राहिली. चढ संपला तिथे पूर्वा कठड्याला सायकल टेकवून पाणी पीत होती. थांबावं की नाही, दीपालीला कळेना. पूर्वाने आपली सायकल हातभर पुढे सरकवली. तेवढ्या जागेत दीपालीने आपली टेकवली.

"गुडघा फार वाकतोय तुझा," पूर्वा म्हणाली. "सीट वर घे जरा."

"बरं."

दीपालीने तिथेच सीट दोन बोटं वर घेतली. मग पूर्वाने हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाली, "मला दहाला घरी पोचायचंय. येणार असशील तर चल."

आता महिन्यातून एखादा रविवार त्या बरोबर जातात. टायर, ब्रेक, रस्त्यावरचे खड्डे यांवर बोलतात. फ्रान्सचं नाव दोघींपैकी कोणीही काढत नाही.