निकिताची गादीवाली चड्डी

मी एक जुनी चड्डी आहे. हसा, मित्रांनो, सगळेच हसतात. मी सायकल चालवणाऱ्यांची, आत गादी शिवलेली चड्डी. आता चड्डीला गादी कशाला, हे मलाही कित्येक दिवस कळत नव्हतं.

कारखान्यात माझ्या पोटात ही गादी बसवली, तेव्हा वाटलं, चुकून उशीचं काम माझ्यात आलं. श्रीरामपूरच्या दुकानात तर डोकंच चक्रावलं. माझ्या शेजारी जाड, गुबगुबीत गादीची एक चड्डी होती. येईल तो तिला अंगठ्याने दाबून खूश व्हायचा. माझी गादी पातळ आणि घट्ट. मला दाबलं की नाक मुरडायचा. माझं काय चुकलं होतं, देव जाणे!

एके दिवशी बेलापूरची निकिता आईबरोबर आली. तिला नगरच्या सायकल शर्यतीत उतरायचं होतं. तिच्या आईने, विमलबाईंनी, गुबगुबीतच उचलली. तीही एक माप मोठी, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. निकिताने मात्र आम्हा दोघींना आळीपाळीने घालून बघितलं आणि दाराशी लावलेल्या सायकलवर बसून, वाकून पायडल मारले. मोठी गोळा होत होती. मी जागची हलले नाही. मलाच घेतलं. मी खूश झाले, पण जरा घाबरलेच.

घरी विमलबाईंचा दंडक असा, की आत रोजची चड्डी घालायची आणि वरून मला. चड्डीवर चड्डी! मग मी नक्की कोण, मित्रांनो? आतल्या चड्डीची शिवण घासून घासून निकिताच्या मांड्या सोलून निघाल्या. पोरीला बसता येईना. दोष मात्र माझा. विमलबाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर नगरला जायचं नाही. निकिताच्या वडिलांनी मला दुधाच्या सायकलच्या सीटवर बांधून टाकलं. तिथे गादीचा अर्थ लागल्यासारखा वाटला. तोही चुकीचाच निघाला.

मग बरेच दिवस ऊनच पडलं नाही. दोरीवर रोजच्या चड्ड्यांसकट सगळे कपडे ओलेच. मी तेवढी पटकन वाळते. निकिताने मला सोडवून धुतलं आणि दुसऱ्या दिवशी आत काहीच न घालता मला चढवून सरावाला निघाली. थेट कोल्हारपर्यंत जाऊन आली.

विमलबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "लई टोचलं का गं?"

"काय टोचलं?" निकिताने खाली माझ्याकडे बघितलं. "अगं आई, चड्डी हाय हे ध्यानातच न्हाई राहिलं."

विमलबाईंनी तिला दोन पावलं चालून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "मग जा नगरला."

मला रडूच आलं. एवढी राबले, आणि ध्यानातही नाही? नगरच्या शर्यतीत तिचा कितवा नंबर आला, तेही मला नीट कळलं नाही. मला तिथून फक्त सीट दिसते. पण शर्यत संपली तरी ती एकदाही अवघडून उठली नाही, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

आता माझी गादी चपटी झाली आहे. मित्रांनो, आमच्यापैकी कुणाला निवडाल तेव्हा अंगठ्याने दाबू नका, सायकलवर वाकून बघा. वाटेत आम्हाला खुशाल विसरा. घरी आल्यावर मात्र आठवणीने धुवा.