गीझर लावतेय हं

म्हाताऱ्याचा बायकोपेक्षा फ्यूजबोर्डावर जास्त जीव आहे, असं घरातले सगळे म्हणायचे, आणि बायकोही त्यात आपला सूर मिसळायची. जिन्याखालच्या लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे फ्यूज ओळीने बसवलेले होते. म्हाताऱ्याने कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढलेली. फ्यूज उडाला की स्वारी बनियनवरच, दातात तार धरून तिथे हजर. दिवे आले की असा छाती काढून बघायचा, जणू सूर्य यानेच उगवलाय.

पुढे घरात गीझर आला, मिक्सर आला, सुनेबरोबर वॉशिंग मशीन आलं आणि फ्यूज ऊठसूट उडायला लागले. म्हाताऱ्याने स्वतःच्या डोक्याने तोड काढली. फ्यूजमध्ये चांगली जाड तार पिळून बसवली. त्यानंतर फ्यूज उडायचं नाव घेईना. "आता बिनधास्त वापरा," असं त्याने जाहीर करून टाकलं.

आजीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते काही मनावर घेतलं नाही. गीझर लावला की दिवे अजूनही मिणमिणायचे आणि ते तिला खटकायचं. बटणावर बोट ठेवायच्या आधी घर दणाणून सोडायचं, ही आपली जुनी रीत तिने चालूच ठेवली. "गीझर लावतेय हं." मग वरून सुनेचा आवाज यायचा, "थांबा आई, इस्त्री चालू आहे." इस्त्री बंद झाली की सून सांगायची, "लावा आता." म्हाताऱ्याला या आरडाओरडीची भारी गंमत वाटायची. "आमच्या घरात स्टेशन आहे," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "फक्त गाडी तेवढी येत नाही." स्वतः मात्र तो कधी कुणाला विचारायचा नाही. खुशाल बटण दाबून मोकळा व्हायचा. तो खटका ऐकला की आजी हातातलं टाकून मिक्सर बंद करायला धावायची.

त्या आजीच्या फुप्फुसांनीच आता दगा दिला. हॉस्पिटलमध्ये ती बरीच सावरली, पण ऑक्सिजनचं मशीन मागे लागलं ते लागलंच. डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "घरी न्यायला माझी ना नाही. लाइट गेली तर सिलिंडर जवळ असेलच. पण घरच्या वायरिंगमुळे मशीन बंद पडता कामा नये. त्याला वेगळी लाइन द्या, अर्थिंग नीट करून घ्या. तोवर त्यांना इथेच राहू दे."

म्हातारा खाटेशी आला तेव्हा आजीने त्याचा हात धरला. "घरी न्या मला," ती म्हणाली. तेवढ्या तीन शब्दांतही तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. घर दणाणून सोडणारा तो आवाज आता खाटेच्या कडेपर्यंतही धड पोचत नव्हता.

घरी येऊन त्याने चपलाही काढल्या नाहीत. "तुझ्या त्या झटक्याला बोलाव," तो सुनेला म्हणाला.

झटका म्हणजे सुनेचा मावसभाऊ, धंद्याने वायरमन. बोर्ड बदलू या म्हणून तो मागे आपणहून आला होता, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. त्याने मनात काही ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन तो दारात उभा राहिला, आणि पेटी उघडेपर्यंत त्याचं तोंड अखंड चालू होतं. मेन बंद करून त्याने फळी भिंतीपासून सोडवली, मागे बॅटरी मारली, आणि एकदम गप्प झाला. तारांवरचं आवरण काळं पडलं होतं. बोट लावलं तर बिस्किटासारखा चुरा होत होता.

"काका, फ्यूजमध्ये ही तार कुणी घातली?"

"मी."

"पिळलीय झकास. पण उडणं हेच फ्यूजचं काम असतं ना. तो उडाला नाही, तर त्याच्या वाटची झळ भिंतीतल्या तारेला लागते. हे बघा, कशी भाजलीय."

"इतकी वर्षं काही झालं नाही," म्हातारा सवयीने बोलून गेला.

"तेच कळत नाही मला. दोन मोठ्या वस्तू एकदम चालल्या असत्या ना काका, तर हे घर उभं दिसलं नसतं."

सून वाटीत खिळे घेऊन मागेच उभी होती. "एकदम कधी चालल्याच नाहीत, दादा," ती म्हणाली. "आई चालू द्यायच्याच नाहीत."

म्हातारा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. ज्या तारेचा त्याने इतका तोरा मिरवला, तिने घराचा घात करायचंच बाकी ठेवलं होतं. आणि ज्या ओरडण्याची त्याने चारचौघांत टिंगल केली, त्या ओरडण्यानेच मुलाला, सुनेला, त्याला स्वतःला आजवर सांभाळलं होतं. शरम तर वाटलीच. पण त्याहून जास्त, ती बाई आपल्या वाट्याला आली, हे केवढे उपकार, असं त्याला वाटलं. मग तो उठला आणि मुकाट्याने झटक्याची शिडी धरून उभा राहिला.

काम दोन दिवस चाललं. मीटरपासून तार नवी आली, जमिनीत अर्थिंग गेलं, लाकडी फळीच्या जागी आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, एमसीबीची पेटी बसली. गीझरला वेगळी लाइन, स्वयंपाकघराला वेगळी, इस्त्रीला वेगळी, आणि आजीच्या खोलीत मशीनसाठी एक अगदी स्वतंत्र. भिंती फोडल्याची धूळ डाळीच्या डब्यांपर्यंत पोचली, पण सुनेने ते हसतमुखाने पुसून काढले.

शेवटी झटक्याने मशीनच्या जागी टेबलावरचा दिवा लावून दिला. "चला काका, आता सगळं एकदम लावा."

म्हाताऱ्याचा हात काही उचलेना. शेवटी सुनेने गीझर लावला, इस्त्री लावली, मिक्सर फिरवला. घर नुसतं घरघरायला लागलं. म्हातारा आजीच्या खोलीत दिव्यासमोर खुर्ची टाकून बसला. दिवा जरासुद्धा मिणमिणला नाही. "देवासारखा आलास बाबा," तो झटक्याला म्हणाला, आणि डोळ्यात धूळ गेल्याचं सांगून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी आजी घरी आली. नाकाशी नळी, कॉटशेजारी मशीनची संथ घरघर. उशीला टेकून ती मुलाशी, सुनेशी थोडं थोडं बोलली आणि भिंतीवरचं ओलं प्लास्टर बघत पडून राहिली. म्हाताऱ्याला तिला बरंच काही सांगायचं होतं. तार, तो काळा चुरा, झटका काय म्हणाला ते. पण सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना. मग तो टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे गेला.

बटणापाशी त्याचा हात थांबला. तो मागे वळून तिच्या दारापर्यंत आला.

"अगं," तो म्हणाला, "गीझर लावतोय हं."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. सगळ्या संसारात त्याच्या तोंडून हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"वेगळी लाइन केलीत ना," ती थांबत थांबत म्हणाली, "मग आता कशाला विचारताय?"

"इतकी वर्षं विचारायचं राहिलं म्हणून."

ती हसली. हसताना तिला धाप लागली, आणि मशीनची घरघर तशीच संथ चालू राहिली. म्हातारा टॉवेल खांद्यावर टाकून दारातच उभा राहिला. धाप ओसरेपर्यंत तो जागचा हलला नाही.

"लावा," ती म्हणाली.

मग त्याने जाऊन गीझर लावला.