विटेवरची टकटक

संचालक आइवो गोड बोलायला लागला, तेव्हाच मारेतच्या मनात पाल चुकचुकली. व्योरू गावच्या कामगार-शाळेत ती घर उबदार ठेवणाऱ्या विटांच्या शेगड्या बांधायला शिकवायची.

"तुझे सगळे धडे एकदा कॅमेऱ्यासमोर होऊन जाऊ देत," तो म्हणाला. "लांबचे लोक घरबसल्या शिकतील. तुझाही घसा वाचेल."

घशाची एवढी काळजी! गेल्या हिवाळ्यात ती तापाने फणफणली होती, तेव्हा या बाबाने साधी चौकशी केली नव्हती. धडे पडद्यावर चढले की आपल्या हातात नारळ, हे तिने ओळखलं. शिवणकामाच्या व्हायकेचं तेच झालं होतं. तिचे धडे अजून चालू आहेत आणि ती घरी बसली आहे.

मारेतने धडे दिले, आणि झकास दिले. माती कशी मळायची, विटा कशा भिजवायच्या, धुराची वाट कशी वळवायची, सगळं दाखवलं. एकच गोष्ट गिळली. वर्गात ती प्रत्येक वीट लावण्याआधी थापीच्या दांड्याने ठोकायची आणि सगळ्यांना डोळे मिटून ऐकायला लावायची. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर आत तडा आहे, फेकायची. त्या तड्यातून धूर खोलीत उतरतो आणि झोपलेला माणूस गुदमरतो तरी त्याला कळत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र ती आधीच पारखलेल्या विटा घेऊन आली आणि गपचूप लावत गेली. चालवा म्हणावं आता माझ्याशिवाय.

नोकरी टिकली. तरी आइवोने कॉफी पुढे केली की तिला वाटायचं, उद्यापासून येऊ नकोस असं आज सांगणार.

सप्टेंबरात तिच्या आईची, लेइदाची, जुनी शेगडी फुटली. मारेतची कंबर धरलेली, म्हणून आईने गावातल्याच हिल्येला काम दिलं. ही पन्नाशीची बाई आधी बँकेत होती, नुकतीच घरबसल्या शिकून तयार झालेली. शनिवारी मारेत पोचली तेव्हा शेगडी खांद्याएवढी झाली होती.

"मारेतबाई, तुम्ही!" हिल्येने हात पुसले. "तुमचे धडे इतकेदा पाहिलेत की नवरा म्हणतो, त्या बाईला एकदा जेवायलाच बोलाव."

हीपण गोडच बोलते, म्हणून मारेत सावध झाली. "तुला आइवोने पाठवलं का?"

"कोण आइवो? तुमच्या आईने बोलावलं."

हिल्येने वीट भिजवली, लावली. लगेच पुढची उचलली.

"ठोकून नाही बघितलीस?" मारेतच्या तोंडून निघून गेलं.

हिल्ये हसली. "परीक्षा घेताय होय? तुम्ही कुठे ठोकता? मी तुमच्यासारखंच करते, बाई. काडीचा फरक नाही."

"शिष्या शोभते हो तुझी," आई पाव कापता कापता म्हणाली. "थंडी पडली की खाट इथेच आणणार मी, शेगडीला चिकटून."

मारेतने ढिगातली वीट उचलून ठोकली. खणखणीत वाजली. दुसरी बद्द वाजली. तिने उभ्या शेगडीकडे पाहिलं.

"अजून कुणाकडे बांधल्यास?"

"चार घरी. कुणाची तक्रार नाही. अजून पेटवल्याच कुठे आहेत म्हणा."

"ही उतरव सगळी. मग आपण त्या चारही घरी जाऊ."

हिल्येचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं, बाई?"

मारेतच्या जिभेवर आइवोचं नाव आलं होतं.

"तुझं नाही," ती म्हणाली. "मी शिकवलंच नव्हतं. मुद्दाम."